एकही विभाजक माहीत नाही, तरी संख्या संयुक्त कशी?

प्रश्न (रिकामा_लॅपटॉप):
गेले नऊ दिवस माझा जुना लॅपटॉप २^१२७७ − १ या संख्येला ३, ५, ७, ९ असं भागत सुटलाय. (३ ने भाग जात नसताना ९ ने भागणं मूर्खपणाचं, हे तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, पण चालू काम थांबवणं जिवावर आलं.) संख्या ३८५ अंकी आहे. वाचावं तिथे एकच: ही संयुक्त आहे, पण १ आणि ती स्वतः सोडून तिचा एकही विभाजक कोणाला सापडलेला नाही.

माझी गाडी इथेच अडते. गुणाकार दाखवता येत नाही, तर छातीठोकपणे 'संयुक्त' कसं म्हणायचं? की 'बहुधा संयुक्त' म्हणायचंय?

बाकीशून्य:
बहुधा नाही, पक्की संयुक्त. मूळ संख्येला पाळावाच लागतो असा एखादा नियम असेल आणि तुमची संख्या तो मोडत असेल, तर ती मूळ नाही. विभाजक शोधायची गरजच पडत नाही.

२^p − १ साठी (p विषम मूळ) ल्यूकास-लेहमर चाचणी आहे. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, २^p − १ ने भागून बाकी ठेवा. असं p − २ वेळा. शेवटी ० आलं तर मूळ, नाहीतर संयुक्त. २^११ − १ = २०४७ वर कागदावर करून बघा, नऊच फेऱ्या आहेत.

रिकामा_लॅपटॉप:
केलं. १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. (पाचव्या फेरीत एकदा चुकलो, पुन्हा केलं.) शून्य नाही, म्हणजे संयुक्त. आणि २०४७ = २३ × ८९ हे आहेच. पण मला वाटलं १७३६ मध्ये २३ कुठेतरी लपलेला असेल. मसावि काढला तर १!

बाकीशून्य:
तीच तर गंमत. चाचणी 'नाही' म्हणते, का ते सांगत नाही. ल्यूकास या गणितज्ञाने १८७६ मध्ये २^६७ − १ संयुक्त असल्याचं असंच दाखवलं होतं. तिचे अवयव मिळायला १९०३ उजाडलं: कोल या गणितज्ञाने १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार मांडला. सत्तावीस वर्षं संख्या संयुक्त होती आणि अवयव कोणाकडेच नव्हते.

विषम_माणूस:
लॅपटॉपची दया करा हो. या संख्येचा कोणताही विभाजक २५५४k + १ याच रूपाचा असतो (२५५४ म्हणजे २ × १२७७, k कोणतीही पूर्ण संख्या), म्हणजे १२७७ विषम संख्यांमागे एकच उमेदवार. शिवाय त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ यायला हवी, म्हणजे त्यातलेही निम्मे बाद. (२०४७ मध्येच बघा: २३ आणि ८९ दोन्ही २२k + १ आहेत.)

पण एवढं गाळूनही हाती काही लागायचं नाही. एलिप्टिक कर्व्ह या विभाजक शोधायच्या पद्धतीने इतका शोध झालाय की पन्नासेक अंकी विभाजक असता तर एव्हाना बहुधा सापडला असता. एकेक संख्येने भागत तुम्ही वीस अंकांपर्यंतही पोचणार नाही. २^१०६१ − १ चे अवयव २०१२ मध्ये मिळाले, तेही पुष्कळ संगणक राबवून. ती ३२० अंकी होती. त्यापुढचे ६५ अंक किरकोळ समजू नका.

रिकामा_लॅपटॉप:
भागाकार बंद केला. पंखा नऊ दिवसांनी गप्प झाला. मग चाचणीच लिहिली, दहा ओळींत झाली. १२७७ साठी १२७५ फेऱ्या, आणि एंटरवरून बोट उचलायच्या आत उत्तर: शून्य नाही. विश्वास बसेना म्हणून घातांक बदलून शेजारची मूळ संख्या १२७९ घातली. तितक्याच वेळात ० आलं.

विषम_माणूस:
२^१२७९ − १ ही १९५२ मध्ये सापडलेली मूळ संख्या. प्रोग्रॅम बरोबर आहे.