एकच फोल्डर, तीन सिस्टिम: परवानग्यांचे तुमचे अनुभव लिहा

हिशेबाला विंडोज, डिझाइनला मॅक, कोपऱ्यात लिनक्सचा सर्व्हर. पुण्यातल्या कितीतरी छोट्या ऑफिसांत हाच संसार आहे. फाइल दिसते पण उघडत नाही, उघडते पण सेव्ह होत नाही, हे तुम्ही कसं निस्तरलंत? '७७७ करून टाका' (मालक, ग्रुप, इतर, तिघांनाही सगळे हक्क) हा सल्ला मात्र कृपया नको.

नारायण पेठकर
आमचा छापखाना. दिवाळी अंकांच्या धांदलीत मजकूर विंडोजवर जुळतो, मांडणी मॅकवर होते, सर्व्हरवर सांबा (लिनक्सवरचे फोल्डर विंडोज-मॅकला नेटवर्कवरून देणारा प्रोग्रॅम). ऑपरेटरने सेव्ह केलेली फाइल मांडणीवाल्याला फक्त वाचता यायची. सांबाचा क्रिएट मास्क (नव्या फाइलला जास्तीत जास्त कुठले हक्क मिळतील ते) मुळात ०७४४ असतो, म्हणजे मालकाखेरीज कुणालाच लिहायची मुभा नाही. तो ०६६४ केला, नव्या फोल्डरांसाठीचा डिरेक्टरी मास्क ०७७५, सगळ्यांना एका ग्रुपमध्ये घेतलं आणि फोल्डरला २७७५ दिलं. त्यातला पहिला २ महत्त्वाचा: नवी फाइल कुणीही करो, ग्रुप फोल्डरचाच लागतो. तरी एक मेख उरते. सर्व्हरवरच इकडून तिकडे हलवलेली फाइल जुना ग्रुप घेऊन येते. कॉपी केलेली येत नाही.

कोथरूडहून
विंडोज सर्व्हरवरही हलवण्याची हीच गत. सीए ऑफिसांत आणखी एक बघतो: सिक्युरिटी टॅबवर फुल कंट्रोल दिलेला, आणि शेअरवर, म्हणजे फोल्डर नेटवर्कवर देतानाच्या सेटिंगमध्ये, 'एव्हरीवन, रीड' (सगळ्यांना फक्त वाचायला) तसंच. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतलं कडक ते लागू. मी शेअर मोकळा सोडतो, सगळी राखण एनटीएफएसवर, म्हणजे सिक्युरिटी टॅबच्या परवानग्यांवर. तीही ग्रुपच्या नावाने. आर्टिकलशिपची मुलं काय, येतात नि जातात.

भोसरीकर
आमच्या सीएनसीचा (संगणकाच्या हुकुमावर चालणाऱ्या कारखान्यातल्या यंत्राचा) पीसी विंडोज एक्सपीवर. त्याला एसएमबी १ हे फाइल शेअरिंगचं जुनं तंत्रच कळतं, आणि सांबाने २०१९ च्या ४.११ पासून ते बंद ठेवलंय. चालू करणं सोपं, पण २०१७ चं वॉनाक्राय हे खंडणीखोर व्हायरस याच फटीतून शिरलं होतं. म्हणून मशीनपुरता वेगळा पीसी, वेगळं नेटवर्क, आणि मशीनला फोल्डर फक्त वाचायला. शॉपफ्लोअरवर कुणी प्रोग्रॅमशी खेळलं तरी मूळ फाइल शाबूत. क्वालिटीवाले खूश!

सहकारनगर
थोडं अवांतर. जुन्या मॅकवरून आर-सिंकने (फाइली नकलणारा प्रोग्रॅम) लिनक्सवर आणलेल्या फोल्डरात 'वऱ्हाड' नावाच्या दोन फाइली दिसू लागल्या. आधी परवानग्याच उलटसुलट तपासल्या. मॅकची एचएफएस प्लस ही जुनी फाइल सिस्टिम नावातला 'ऱ' मोडून र आणि नुक्ता (खालचं टिंब) वेगळे साठवते. विंडोजवर टाइप केलेला सहसा एकसंध. लिनक्स फक्त बाइट बघतं, म्हणून त्याला ही दोन वेगळी नावं. आर-सिंकच्या, नावांचं एन्कोडिंग बदलणाऱ्या आयकॉन्व्ह पर्यायाने सुटलं. कऱ्हाडकरांनी जपून.

नवीन सभासद
नारायण पेठकर, सहकाऱ्याला माझ्या फाइलमध्ये लिहिता येत नाही, पण ती उडवता कशी येते?

नारायण पेठकर
लिनक्सवर उडवण्याचा हक्क फाइलवर नसतो, फोल्डरवर असतो. २७७५ चं ३७७५ करा. मग फाइलचा किंवा फोल्डरचा मालकच उडवू शकेल. रूट (सर्व्हरचा मुख्य प्रशासक) अर्थात काहीही करू शकतो.