भूशास्त्रानंतर सागरविज्ञानाकडे वळावे का?

गाळकरी: मी मूळचा कोकणातला असून भूशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या अंतिम वर्षात शिकत आहे. खाडीतील गाळ आणि पाणी यांचा एकत्रित अभ्यास करायचा असल्यास एम.एस्सी. भूशास्त्रातच करावी की सागरविज्ञानात, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मांडवीकाठ: आपण सागरी भूशास्त्राचा विचार करावा. गोवा विद्यापीठात दोन्ही विषयांचे पदव्युत्तर शिक्षण मिळते आणि 1966 साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तेथून जवळच, दोना पावला येथे आहे. मांडवी-झुआरीच्या मुखाशी पावसाळ्यात गोड्या पाण्याचा जोर असतो, तर उन्हाळ्यात भरतीबरोबर खारे पाणी बरेच आत शिरते. नदीने आणलेले चिकणमातीचे सूक्ष्म कण या खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून तळाशी बसतात, त्यामुळे केवळ खडकांचे ज्ञान येथे अपुरे पडते आणि रसायनशास्त्राची जोड घ्यावीच लागते.

भरतीओहोटी: वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचे नावही कोणी सुचवील, परंतु तिचा भर मत्स्यव्यवसायावर आहे, आपल्या विषयासाठी ती वाट माझ्या मते आडवळणाची ठरेल. शिवाय नेट परीक्षेत भू, वातावरण, सागर व ग्रहविज्ञान यांचा विषय एकच असल्याने, आज कोणतीही शाखा निवडली तरी पुढे पीएच.डी.चे दार बंद होत नाही.

गाळकरी: आभारी आहे. बारावीनंतर गणित सुटले आहे. त्याची अडचण येईल का?

मांडवीकाठ: भरतीच्या प्रवाहांची गणिती प्रारूपे करायची असतील तर निश्चितच येईल. गाळाच्या विश्लेषणाला संख्याशास्त्र पुरेल, मात्र ते आतापासूनच शिकावे.