विषय: प्रश्नमंजूषा, प्रश्न ४: चौकट एक, शहरं चार (उद्या दहाला छपाई)

मेधा, मंगळवार रात्री ८.४०

मंडळी,
गणपतीच्या प्रश्नमंजूषेचा कागद उद्या सकाळी दहाला छपाईला द्यायचाय आणि मी प्रश्न ४ पाशी अडकले आहे. 'डीएफडब्ल्यू विमानतळ कुठल्या शहरात आहे?' असा प्रश्न (डीएफडब्ल्यू म्हणजे आपला टेक्सासचा डॅलस-फोर्ट वर्थ), आणि उत्तराला चौकट एकच. रविवारी गौरीकडे मुलांना सोडवायला दिला. एकाने डॅलस लिहिलं, एकीने ग्रेपवाइन, आणि तिसरा अर्विंगवरून हटेना, कारण त्याच्या खोलीच्या खिडकीतून विमानं उतरताना दिसतात. गुण कोणाला द्यायचे? बाकीचे १९ प्रश्न ठरले आहेत, ते कृपया उकरू नका.

सुहास (युलेस), ८.५८

मेधाताई,
डॅलसला गुण नाहीत. विमानतळाची जमीन ग्रेपवाइन, अर्विंग, युलेस आणि कॉपेल अशा चार शहरांत पसरलेली आहे. काउंट्या, म्हणजे जिल्हेही दोन, डॅलस आणि टॅरंट. सुमारे २७ चौरस मैल जागा आहे, न्यूयॉर्कचं मॅनहॅटन बेट त्यात ठेवलं तरी जागा उरेल. अशा जागेला एक शहर कसं मिळणार? पोस्टानेसुद्धा मिळवलेलं नाही. पत्त्यात शहराच्या जागी 'डीएफडब्ल्यू एअरपोर्ट' असंच लिहितात, झिप (पिनकोड) ७५२६१.
युलेस एकाही मुलाला सुचलं नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

माधव, ९.०५

प्रश्न मी काढलेत. उत्तर 'ग्रेपवाइन' हेच धरलं होतं, आणि तसं फेब्रुवारीच्या बैठकीत सांगितलंही होतं. तेव्हा कोणी बोललं नाही. आता रात्री नऊला माझा प्रश्न बदलायचा असेल तर आधी मला फोन करा, मग लिस्टवर टाका. संक्रांतीच्या वेळी जे झालं ते पुन्हा नको.

वसंतकाका (फोर्ट वर्थ), ९.३१

चि. मेधा, चि. माधव,
हद्दीवरून भांडताय, पण विमानतळ कोणाचा ते कोणीच लिहिलं नाही. मालक दोन: डॅलस आणि फोर्ट वर्थ. ही भागीदारी सुखासुखी झालेली नाही. १९४० च्या दशकात दोन्ही शहरांनी मिळून एक विमानतळ बांधायचं ठरत आलं होतं आणि ते मोडलं कशावरून? टर्मिनलची इमारत कुठल्या बाजूला असावी यावरून. ती फोर्ट वर्थच्या बाजूला सरकवलेली बघून डॅलसने अंग काढून घेतलं. मग फोर्ट वर्थने १९५३ मध्ये आपला वेगळा विमानतळ सुरू केला. त्याला नाव दिलं एमन कार्टर यांचं, आमच्या इथले वर्तमानपत्राचे मालक. डॅलसला कामाला जायची वेळ आली तर हा माणूस जेवणाचा डबा बरोबर न्यायचा, डॅलसमध्ये एक पैसा खर्च व्हायला नको म्हणून, असं इथे अजून सांगतात. शेवटी १९६४ मध्ये केंद्राच्या विमान वाहतूक मंडळाने बजावलं की १८० दिवसांत दोघांनी मिळून एक जागा ठरवा. तेव्हा कुठे हे उभं राहिलं, आणि जानेवारी १९७४ मध्ये विमानं उतरायला लागली.

आता माझं मूळ म्हणणं. २० प्रश्नांत फोर्ट वर्थवर एकच प्रश्न आहे, तोही स्टॉकयार्ड्स या जुन्या गुरांच्या बाजारावर. डॅलसकडच्या प्लेनोवर तीन, फ्रिस्कोवर तीन. आम्ही दर कार्यक्रमाला पाऊण तास गाडी चालवून तिकडे येतो. मुलांना आमचं गाव गुरांपलीकडे माहीत व्हावं असं मनापासून वाटतं.

नीलिमा, ९.४४

वसंतकाका, अगदी खरं. एक डॉलरची नोट घ्या आणि भिंग घ्या. दर्शनी बाजूला उजवीकडे खाली एक बारीक अक्षर आणि अंक असतात. त्यांच्या आधी इवलंसं 'एफडब्ल्यू' असेल तर ती नोट फोर्ट वर्थला छापलेली. नसेल तर वॉशिंग्टनची. नोटा छापणारे सरकारी कारखाने देशात हे दोनच, आणि फोर्ट वर्थचा १९९१ पासून चालू आहे. आत्ता पर्समधल्या सात नोटा टेबलावर पसरून बघितल्या, चारांवर 'एफडब्ल्यू' निघालं. लेकीने झोपायचं सोडून आजोबांचं पाकीट मागून आणलं. हा प्रश्न घालाच.

श्रीकांत, ९.५२

नीलिमाताईंच्या नोटेवरून आठवलं. फोर्ट वर्थचं किम्बेल कला संग्रहालय कोणी पाहिलंय का? वास्तुरचनाकार लुई कान, म्हणजे अहमदाबादचं आयआयएम ज्यांनी उभं केलं तेच. किम्बेल १९७२ मध्ये उघडलं. छत लांबच लांब कमानींचं, प्रत्येक कमानीच्या माथ्यावर एक फट, आणि त्या फटीतून आलेलं ऊन खालच्या धातूच्या पत्र्यावर आपटून काँक्रीटवर चांदीसारखं पसरतं. मी अहमदाबादला शिकलो. तिथल्या विटांच्या गोल झरोक्यांतून येणारा उजेड दोन वर्षं रोज बघितला होता. किम्बेलमध्ये पहिल्यांदा शिरलो तेव्हा भिंतीला हात लावून उभा राहिलो, चित्रांकडे लक्षच गेलं नाही. कान १९७४ च्या मार्चमध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनवर वारले. मुलांना हे सांगायला हवं.

मेधा, १०.०१

श्रीकांतदादा, सुंदर लिहिलंत. पुढच्या वर्षीच्या यादीत घेते. आज फक्त प्रश्न ४!

अंजली, १०.०७

मेधा, एकच, आणि हे थांबू शकत नाही. प्रश्न ११, 'डॅलसच्या लव्ह फील्ड विमानतळाचं नाव कशावरून पडलं?' पर्यायांत 'प्रेमावरून' ठेवलंय. कृपया काढा. मॉस लव्ह नावाचा लष्करातला तरुण वैमानिक १९१३ मध्ये सॅन दिएगोला सराव करताना विमान कोसळून गेला. १९१७ मध्ये लष्कराने इथल्या मैदानाला त्याचं नाव दिलं. माझे बाबा हवाई दलात होते, त्यांचे दोन सोबती असेच सरावात गेले. त्या नावावर मुलं खिदळलेली मला बघवणार नाहीत.

माधव, १०.१२

अंजलीताई, पर्याय काढतो. मला हे माहीत नव्हतं. आता तिथे 'एका वैमानिकावरून' आणि 'एका महापौरावरून' असे दोनच ठेवतो.
वसंतकाका, प्लेनोचे तीन प्रश्न मोजलेत, पण ते मुलांना आवडणारे आहेत. गावाला राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांचं नाव द्यायचं होतं, पोस्ट खात्याने ते नाकारलं. मग डॉक्टर हेन्री डाय यांनी स्पॅनिशमध्ये 'मैदान' म्हणून 'प्लानो' (इंग्रजी उच्चार प्लेनो) सुचवलं. मैदानाला स्पॅनिशमध्ये म्हणतात 'यानो'. 'प्लानो' म्हणजे सपाट. एवढ्या मोठ्या शहराचं नाव एका शब्दाच्या गफलतीवर उभं आहे, हे मुलं विसरत नाहीत. तरी फ्रिस्कोचा एक काढून नोटेचा घालतो.

मेधा, १०.१५

माधवदादा, १९ प्रश्न ठरले होते.

सुलभामावशी (गार्लंड), १०.२६

मेधा बाळा,
आमच्या गावाची गोष्ट ऐक, तुझ्या कामाची आहे. इथे आधी दोन गावं होती, एम्ब्री आणि डक क्रीक. एकाला सांता फे रेल्वे, दुसऱ्याला केटी रेल्वे. पोस्ट ऑफिस कोणाकडे यावरून दोघांत वैर. १८८७ मध्ये तिढा असा सोडवला की पोस्ट दोन्ही गावांच्या मधोमध ठेवलं आणि नाव दोघांपैकी कोणाचंच दिलं नाही. त्या वेळचे अमेरिकेचे ॲटर्नी जनरल ऑगस्टस गार्लंड यांचं दिलं. चार वर्षांत तेच शहर झालं.
तू उत्तर कशाला ठरवत बसतेस? प्रश्न फिरव. 'विमानतळाची जमीन ज्या चार शहरांत आहे त्यांपैकी कुठल्याही एकाचं नाव लिहा.' चौकट एकच राहील, आणि अर्विंगच्या त्या पोरालाही गुण मिळतील.

माधव, १०.३१

मावशी, चालेल. ग्रेपवाइनही बरोबरच राहतंय. मात्र प्रश्न दोन ओळींचा होईल, तेव्हा मेधा, कोपऱ्यातला गणपती थोडा वर घे, लहान करू नको.

वसंतकाका, १०.३६

मान्य. दोन मालक कोण, हा प्रश्न तोंडी फेरीत मी स्वतः विचारेन. एक डॉलरच्या वीस नोटा आणि दोन भिंगं घेऊन येतो.

मेधा, १०.४९

बदललं. ४, ११ आणि १६ (नोटेचा) नवे, गणपती वर घेतला. फाइल जोडली आहे. सकाळी नऊपर्यंत फक्त शुद्धलेखन बघा. उत्तरतक्त्यात मुलांसाठी शहरांची इंग्रजी स्पेलिंगही दिली आहेत, तीही तपासा.

सुहास (युलेस), १०.५३

उत्तरतक्त्यात युलेसचं स्पेलिंग चुकलंय. 'एल' एकच, शेवटी 'एस' दोन.