दुर्बिणीतून पॉलिप काढायचा आहे. भुलीची आणि नंतरच्या दिवसांची भीती कशी हाताळावी?

ओवी_कोथरूड

नमस्कार. माझे वय ४४ आहे. गेल्या वर्षभरात पाळीतील रक्तस्राव फार वाढला आणि मधल्या दिवसांतही अंगावरून जाऊ लागले, म्हणून सोनोग्राफी केली. तीत गर्भाशयाच्या अस्तरावर पॉलिप, म्हणजे अस्तराचीच गाठीसारखी वाढ, असल्याचे दिसले. हिमोग्लोबिन ९ पर्यंत खाली आले आहे. पुढची पाळी संपली की लगेच दुर्बिणीतून पॉलिप काढून तो तपासणीला पाठवायचे ठरले आहे. सकाळी दाखल व्हायचे आणि संध्याकाळी घरी यायचे, एवढेच ते काम आहे असे सगळे सांगतात. डॉक्टरांवर माझा विश्वास आहे, त्यामुळे हे करावे की करू नये, हा माझा प्रश्न नाही.

प्रश्न भीतीचा आहे. ‘लहानशी तर गोष्ट आहे, एवढे काय घाबरायचे?’ असे घरचे म्हणतात आणि मग भीती वाटते हे सांगायचीही चोरी होते. रात्री मध्येच जाग येते, छातीत धडधडते आणि मी मोबाइल उघडून नको ते वाचत बसते. सर्वांत मोठी धास्ती भुलीची आहे. मध्येच जाग आली तर? किंवा मी बेशुद्ध असताना डॉक्टरांना आणखी काही दिसले आणि यजमानांची सही घेऊन त्यांनी पिशवीच काढून टाकली तर? आमच्या गावाकडे तरुण वयात पिशवी काढलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यामुळे ही शंका मला वेडगळ वाटत नाही.

शिवाय नंतर किती विश्रांती घ्यावी, यावर घरात एकमत नाही. आईच्या मते बाळंतिणीसारखे निजून राहावे, तर नणंदेच्या मते दुसऱ्या दिवशी कामाला लागावे. माझे ऑफिस हिंजवडीला आहे आणि मी दुचाकीने जाते. गौरी-गणपतीही तोंडावर आले आहेत. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

शनिवारपेठी

ओवीताई, माझी हीच प्रक्रिया झालेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या लिहिण्यात दोन भीती एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. एक प्रक्रियेची आहे. दुसरी तपासणीच्या अहवालाची असावी, कारण ‘तपासणीला पाठवायचे’ एवढे लिहून तुम्ही घाईने पुढे गेला आहात. पहिलीवर माहिती हा चांगला उपाय आहे. दुसरीवर माहितीचा फारसा इलाज चालत नाही, आणि मध्यरात्री मोबाइलवर मिळणाऱ्या माहितीचा तर मुळीच नाही. म्हणून दोघींना वेगळे करावे.

प्रक्रियेत पोटावर छेद नसतो आणि टाकेही नसतात. योनिमार्गातून आणि गर्भाशयमुखातून बारीक दुर्बीण आत नेतात. गर्भाशयाची पोकळी एरवी मिटलेली असते, ती उघडण्यासाठी सलाईन आत सोडतात, आणि पडद्यावर पाहत पॉलिप मुळापासून काढतात. याला बहुधा अर्धा तास किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. पाळी संपल्याबरोबर बोलावतात याचे कारण त्या वेळी अस्तर पातळ असते आणि पॉलिप स्पष्ट दिसतो. दुर्बिणीशिवाय नुसते क्युरेटिंग, म्हणजे न पाहता अस्तर खरवडणे, केले तर पॉलिप निसटून आतच राहू शकतो, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी निवडलेला मार्ग योग्यच आहे. धोका अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. जंतुसंसर्ग, जादा रक्तस्राव, गर्भाशयाला छिद्र पडणे हे धोके समजावून सांगूनच सही घेतात. मात्र छिद्र पडण्याचे प्रमाण शंभरात एकीपेक्षा कमी आहे.

आदल्या दिवशी नखांचा रंग काढून टाका, कारण ऑक्सिजन मोजणारे यंत्र बोटाला लावतात. दागिने, जोडवी, बांगड्या आणि मंगळसूत्र हे सारे उतरवावे लागते, कारण पॉलिप कापायला विजेवर चालणारे उपकरण वापरले तर अंगावरच्या धातूमुळे भाजण्याचा धोका असतो. मंगळसूत्र ज्यांना जड मनाने काढावे लागते त्यांनी ते घरीच काढून ठेवावे; तिथल्या घाईत परिचारिकेच्या हातात देताना उगाच गलबलून येते.

नंतर ओटीपोटात पाळीसारख्या कळा येतात आणि त्या साध्या वेदनाशामक गोळीने थांबतात. अंगावरून थोडे थोडे जाणे काही दिवस, क्वचित दोन आठवड्यांपर्यंतही चालू राहते. ते उतरते असावे, वाढते नसावे. त्या काळात फक्त पॅड वापरा. कप, टॅम्पोन, पोहणे आणि शरीरसंबंध या गोष्टी रक्तस्राव थांबेपर्यंत आणि डॉक्टर सांगतील तोवर टाळा. १००.४ च्या वर ताप आला, तासाभरात एक पॅड पूर्ण भिजू लागला, स्रावाला दुर्गंधी आली किंवा पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढत गेली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे.

यात पुण्याचा एक खास मुद्दा आहे. तुमचे रुग्णालय पेठांमध्ये असेल तर गणपतीत संध्याकाळनंतर तिथे गाडी पोहोचणे कठीण असते, आणि विसर्जनाच्या दिवशी तर लक्ष्मी, टिळक, केळकर आणि कुमठेकर रस्ते मिरवणुकीत असतात. म्हणून गरज पडली तर नदीच्या कोथरूडकडच्या बाजूला रात्री कोणते रुग्णालय उघडे असते, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. १०८ ची रुग्णवाहिका आहेच, पण तिलाही त्याच रस्त्यांवरून यायचे असते.

आई आणि नणंद यांच्या वादात मी नणंदेच्या थोडी जवळ आहे. निजून राहण्याची गरज नसते. घरात, सोसायटीच्या आवारात चालावे. बहुतेक जणी एक-दोन दिवसांत कामावर जाऊ शकतात. पण तुमचे हिमोग्लोबिन ९ आहे, तेव्हा जो थकवा येईल तो रक्तक्षयाचा असेल आणि तो चार दिवस निजून भरून येत नाही. त्यासाठी लोहाच्या गोळ्या नेमाने, चहा-दुधापासून दूर घ्याव्या लागतात. खजूर आणि गूळ जरूर खावेत, परंतु ते गोळीची जागा घेत नाहीत.

भूल_चूक_देणेघेणे

मी भूलतज्ज्ञ आहे. फक्त भुलीपुरते लिहितो.

अशा लहान प्रक्रियेसाठी बहुधा शिरेतून औषध देऊन अल्पकाळाची भूल देतात. हाताला सुई लावलेली असते. तीतून दुधासारखे पांढरे औषध जाते आणि त्या वेळी हात काही क्षण जळजळतो. हे आधी माहीत नसेल तर रुग्ण दचकतात, म्हणून मुद्दाम सांगतो. त्यानंतरचे थेट बाहेरच्या खोलीत जाग आल्यावरचेच आठवते. पूर्ण वेळ भूलतज्ज्ञ शेजारी उभा असतो आणि श्वास, नाडी, रक्तदाब व ऑक्सिजन यांवर त्याची नजर असते.

मध्येच जाग येण्याविषयी : ब्रिटन आणि आयर्लंडमधील रुग्णालयांची एक मोठी पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत पूर्ण भुलीखाली असताना जाग आल्याच्या तक्रारीचे प्रमाण सुमारे १९,००० मध्ये एक असे आढळले. त्यातही स्नायू शिथिल करणारे औषध दिलेले असताना हा धोका अधिक असतो, आणि तुमच्या प्रक्रियेत त्या औषधाची सहसा गरज पडत नाही. भूल हलकी झालीच तर रुग्ण हात-पाय हलवतो, ते आम्हाला दिसते आणि औषध वाढवता येते.

उपाशी राहण्याचा नियम मात्र काटेकोर पाळा. जेवण किमान सहा तास आधी, तळलेले किंवा जड असेल तर आठ तास, आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत. दुधाचा चहा हा पाणी नव्हे, तो अन्नात मोडतो. पुण्यात सर्वाधिक प्रक्रिया पुढे ढकलल्या जातात त्या बहुधा या पहाटेच्या ‘अर्ध्या कपा’मुळे, असे माझे खासगी मत आहे. आणि कृपया आम्हाला सांगा की भीती वाटते. आत नेण्याआधी चिंता कमी करणारे औषध देता येते, सकाळी पहिला क्रमांक मागता येतो. हे न सांगणाऱ्या रुग्णाचा वाढलेला रक्तदाब पाहून आम्हीच बुचकळ्यात पडतो.

भुलीनंतर २४ तास वाहन चालवू नये आणि महत्त्वाच्या कागदांवर सही करू नये. दुचाकीचा प्रश्न निदान त्या दिवसापुरता निकालात निघाला. सोबत मोठे माणूस हवेच.

कायदा_आणि_बरेच_काही

ओवीताईंची सहीविषयीची शंका वेडगळ तर नाहीच, ती थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली आहे. समीरा कोहली खटल्यात रुग्णाने केवळ दुर्बिणीतून तपासणीला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजांडकोश काढण्यात आले. जानेवारी २००८ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, आणि रुग्ण सज्ञान व सक्षम असताना नातेवाइकाची संमती तिच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. जीव वाचवण्यासाठी तातडीने काही करणे भाग पडले तर तेवढाच अपवाद. म्हणजे तुमच्या प्रक्रियेसाठी तुमची सही हवी आणि तीच पुरेशी आहे. संमतिपत्र आदल्या दिवशी मागून घ्या, घरी वाचा, आणि ‘दुर्बिणीतून पॉलिप काढणे व अस्तराचा नमुना घेणे’ याखेरीज जे लिहिलेले असेल त्याचा अर्थ विचारा. नको असलेला मजकूर खोडून शेजारी सही करायला हरकत नसते. डॉक्टरांवर विश्वास आहे म्हणून हे विचारू नये असे मानू नका. चांगल्या डॉक्टरांना हा प्रश्न खटकत नाही.

विमा असेल तर दिवसभराच्या प्रक्रियांच्या यादीत हे बसते का, हे दाखल होण्याआधी कंपनीकडून लेखी घ्यावे.

तळजाई

शनिवारपेठीताईंनी वर्णन केले ते भुलीखालच्या प्रक्रियेचे आहे. माझी तपासणी भूल न देता दवाखान्यातच झाली. ‘थोडेसे दुखेल’ असे सांगितले होते आणि मला बरेच दुखले. हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. पण कोणी ‘भूल टाळू या, चिमटा काढल्यासारखे वाटेल’ असे म्हणाले, तर दुखणे प्रत्येकीला वेगळे असते आणि ‘थांबा’ म्हटले की थांबणार का, हे आधी ठरवून घेण्याचा हक्क आपला असतो. ज्यांचे बाळंतपण नैसर्गिक झालेले नाही, किंवा ज्यांची पाळी गेलेली आहे, त्यांना हे अधिक लागू आहे.

रात्रीच्या जागरणाविषयी. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणे हा पहिला उपाय आहे, आणि तो ऐकायला जितका सोपा आहे तितका करायला नाही. संध्याकाळी ठरावीक वेळी वहीत सगळ्या शंका लिहून काढा आणि प्रत्येकीपुढे ती कोणाला विचारायची ते लिहा : शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, विमा, यजमान. ज्यांच्यापुढे कोणाचेच नाव लिहिता येत नाही त्या खऱ्या चिंता. त्या थोड्याच उरतात. जाग आलीच तर श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावत, सावकाश श्वसन करा. त्याने धडधड उतरते. धडधड रोजचीच झाली, जेवण-झोप तुटली, तर शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, मराठीतही.

आणि अहवाल. हल्ली प्रयोगशाळा तो थेट मोबाइलवर पाठवतात आणि आपण तो डॉक्टरांच्या आधी वाचतो. त्यातला ‘प्रोलिफरेटिव्ह’ हा शब्द वाचून माझी पाचावर धारण बसली होती. तो केवळ पाळीच्या चक्रातील अस्तराची नेहमीची अवस्था सांगतो. ‘हायपरप्लेशिया’ म्हणजे अस्तराची जादा वाढ, आणि त्यापुढे पेशींत विकृती नाही असे लिहिले असेल तर तो कर्करोग नसतो, औषधाने उपचार होतात. पाळी चालू असलेल्या वयात पॉलिप बहुतांश साधेच निघतात. तरीही अहवाल येण्याच्या सुमारास डॉक्टरांची भेट आधीच ठरवून ठेवा, आणि तोवर ती फाइल यजमानांच्या मोबाइलवर जाऊ द्या.

ओवी_कोथरूड

सर्वांची मनापासून आभारी आहे. अहवालाचे शनिवारपेठीताईंनी अचूक ओळखले. संमतिपत्र आजच मागितले. रुग्णालयाने विनातक्रार दिले आणि त्यात पिशवी काढण्याचा उल्लेख कुठेही नाही.

दोन शंका उरल्या. मी थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी घेते, ती त्या दिवशी घ्यावी का? आणि गौरींच्या वेळी अंगावरून थोडे जात असेल तर सासूबाईंना काय सांगावे?

शनिवारपेठी

ते रक्त पाळीचे नसते, जखम भरतानाचे असते. माझ्या सासूबाईंना मी तसेच सांगितले होते, आणि ‘मग बोट कापल्यावर कुठे बाहेर बसतो आपण?’ असे त्याच म्हणाल्या. तुमच्याकडे हे चालेल की नाही मला ठाऊक नाही. पण सोवळ्याच्या निमित्ताने पुरणाच्या स्वयंपाकातून सुटका होत असेल, तर मी तुमच्या जागी फार वाद घालणार नाही. वाकून गौरींचे मुखवटे आणि भरलेली घागर उचलणे मात्र तेवढ्या दिवसांपुरते दुसऱ्या कोणाला तरी द्यावे.

भूल_चूक_देणेघेणे

थायरॉइडची गोळी सहसा घोटभर पाण्याबरोबर नेहमीप्रमाणे घ्यायला सांगतो. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचे मात्र औषधागणिक वेगळे असते, आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांचे त्याहून. म्हणून सगळ्या गोळ्यांची पाकिटे, आयुर्वेदिक काढ्यांसकट, भूलतपासणीच्या वेळी पिशवीत घालून घेऊन या. नावे आठवत नसली तरी चालते.