टिनटिनमधल्या 'लपलेल्या' गोष्टी: लपवल्या कोणी?

तिरकस_तात्या
काल एका ग्रुपवर 'टिनटिनमधल्या 25 लपलेल्या गोष्टी, ज्या तुमच्या कधीच लक्षात आल्या नाहीत' अशी पोस्ट फिरत आली आणि माझं डोकंच फिरलं. थॉमसन आणि थॉम्पसन हे एकसारखे दिसणारे गुप्तहेर मिशांवरून ओळखू येतात, ही लपलेली गोष्ट? एर्जे म्हणजे टिनटिनच्या चित्रकथा काढणाऱ्या बेल्जियन जॉर्ज रेमीची आद्याक्षरं उलटी, ही? प्रोफेसर कॅल्क्युलस खऱ्याखुऱ्या शास्त्रज्ञ ऑग्युस्त पिकारवरून बेतलाय, ही? शेंबड्या पोराला ठाऊक असतं हे.

जे खरोखर लपवलं गेलं, त्यावर मात्र पंचवीस मुद्द्यांत एक अक्षर नाही. टिनटिनचं 'शूटिंग स्टार' आलं 1941-42 मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या बेल्जियमच्या 'ल स्वार' दैनिकात. उल्केकडे धावणारं प्रतिस्पर्धी जहाज अमेरिकन झेंड्याचं आणि त्यामागचा खलनायक बँकर ब्लूमनस्टाइन. युद्धानंतर झेंडा उतरला, साओ रिको नावाचा देश उगवला, ब्लूमनस्टाइनचा बोलविंकल झाला. जगबुडी येणार, आता देणी फेडायला नकोत म्हणून खूश होणारे दोन ज्यू दैनिकात होते, ते तर पुस्तक करतानाच उडवले. 'टिनटिन इन द काँगो'त टिनटिन काळ्या पोरांना 'तुमचा देश बेल्जियम' शिकवत होता, 1946 च्या रंगीत आवृत्तीत त्याच फळ्यावर बेरीज आली. लपलेलं शोधायची एवढी हौस असेल तर हे शोधा. मिशा कसल्या मोजताय?

मिलूची_शेपटी
तात्या, तुम्ही लग्नात जिलबी वाढली तरी आधी साखर कारखान्याचा ताळेबंद मागता का हो?

'ब्लू लोटस' आमच्या घरी माझ्या लहानपणापासून आहे. पुठ्ठा गेलेला, मधल्या दोन पानांना आईने पिठाच्या खळीने कागद लावलेला. शांघायच्या रस्त्यांवरच्या चिनी पाट्या म्हणजे आम्हाला नुसती नक्षी. धाकटा भाऊ तीन वर्षं चिनी शिकला आणि एका रविवारी पोहे खाता खाता बोट ठेवून म्हणाला, "ताई, इथे लिहिलंय, जपानी मालावर बहिष्कार टाका." पुढच्या भिंतीवर, साम्राज्यवाद मुर्दाबाद! आम्ही सगळं पुस्तक तिथल्या तिथे पुन्हा चाळलं, पोह्यांचं तेल लागलं तरी. आता सांगा, ही गोष्ट लपलेली नव्हती? आणि ती कोणी 'काढून' नव्हती टाकली.

प्रूफरीडर
तुमच्यापासून लपलेली होती, चिनी येणाऱ्यापासून नव्हे. त्या पाट्या झांग चोंगरेन यांनी लिहिल्या. ते तेव्हा ब्रुसेल्सच्या अकादमीत शिकत होते, पुस्तकातला टिनटिनचा मित्र चँग त्यांच्यावरूनच आला. जपान्यांना अर्थ चांगलाच कळला, त्यांनी ब्रुसेल्समध्ये तक्रारही केली. तेव्हा तात्यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. (अर्धाच. मिशांचा तपशील तात्यांनी दिलेलाच नाही, कारण बहुधा त्यांना तो आठवत नसावा. सरळ मिशी 'पी'वाल्या थॉम्पसनची, टोकं बाहेर वळलेली ती बिनपीवाल्याची.)

आणि एक. 'टिनटिन' नव्हे, 'तँतँ'. मराठीत अनुनासिक उच्चाराची सोय असताना आपण साहेबाचा उच्चार का वापरतो हे मला कधीच कळलेलं नाही.

दादरकर
झालं सुरू. उद्या म्हणाल पॅरिस नाही, पारी. आमच्या वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये 'टीनटीन' लिहिलेलं असायचं, दोन्ही दीर्घ. पुस्तक तेवढंच छान लागायचं.

सिंट_जिलचा_सुहास
ब्रुसेल्समध्ये सोळा वर्षं काढली. इथे तँतँ म्हणतात आणि फ्लेमिश माणूस कुइफ्ये म्हणतो, झुलपंवाला. तेव्हा उच्चारावरून भांडू नका.

मूळ मुद्दा: तात्या, तुमच्या त्या बोलविंकलची गंमत तुम्ही सोडलीत. इथल्या बोलीत 'बोलविंकल' म्हणजे गोळ्याबिस्किटांचं दुकान. एर्जेला वाटलं, चला, निरुपद्रवी नाव मिळालं. पुढे कळलं की ते खरोखरच ज्यू आडनाव आहे. टिनटिनमधल्या काल्पनिक सिल्डाविया देशाचं ब्रीद 'आइ बेनेक, आइ ब्लावेक'ही त्याच बोलीतलं. इथेच आहे, इथेच राहणार. जुन्या बाजारात, त्याच जे द बाल चौकात जिथे टिनटिन जहाजाचं मॉडेल विकत घेतो, मी एका म्हाताऱ्याला खुर्चीची किंमत कमी कर म्हटलं. तो पाय पसरून बसला आणि हेच वाक्य बोलला. मी वेड्यासारखा हसलो, त्याला वाटलं मी त्याची टिंगल करतोय. खुर्ची मिळाली नाही.

शंखनाद
उच्चार राहू दे. मला हे सांगा, बंगाल्यांकडे टिनटिनच्या कुत्र्याचा, मिलूचा (इंग्रजीतला स्नोई), 'कुट्टुस' होतो, हिंदीत 'नटखट' होतो, आणि आपण मराठी लोक इंग्रजीतूनच वाचून इंग्रजीतूनच भांडायचं? माझ्या हाती आजवर एक मराठी प्रत लागलेली नाही. तो शिव्यांचा भडिमार करणारा कॅप्टन हॅडॉक मराठीत किती फुलेल! "अरे ए, अधांतरी अनुस्वारा! दशमान पद्धती! कुजक्या कोकमा!"

दादरकर
दर्यावर्दी माणूस अनुस्वार म्हणेल? त्याला मालवणी द्या. मेल्या, मुडद्या, तुज्या तोंडाक वाळवी लागो. विषय संपला.

शंखनाद
म्हणजे तुम्हाला हॅडॉक कळलाच नाही. मुलांच्या अंकात खरी शिवी चालत नव्हती, म्हणून तर शिवी नसलेले शब्द शिवीसारखे फेकायचे. एका बाजारात कोणीतरी 'चतुःशक्ती करार' ही शिवी म्हणून हासडली, ते एर्जेच्या डोक्यात राहिलं होतं. मराठीत त्याचं होईल 'अरे पंचवार्षिक योजने!' मालवणी शिव्या खऱ्याखुऱ्या शिव्या आहेत, तिथे गंमत काय?

दादरकर
आमच्या मालवणीला शिकवू नका. माझी आजी दिवसभर असं बोलायची आणि तिच्याइतकं प्रेमळ माणूस मी पाहिलेलं नाही. पुणेरी लोकांना शिवी कोशातूनच काढावी लागते.

शंखनाद
मी नागपूरचा आहे.

मिलूची_शेपटी
😂 दादरकर, आता तुम्हीच पंचवार्षिक योजना.

दादरकर
बरं, 'पंचवार्षिक योजना' चांगली आहे. एवढंच. अनुस्वार नको.

तिरकस_तात्या
माझ्या धाग्याचं लोणचं घातल्याबद्दल आभार. कोणी झेंड्याबद्दल बोलणार आहे का?

प्रूफरीडर
बोलतो. तुमच्या म्हणण्यात एक खोट आहे. बदललं म्हणजे दर वेळी पाप लपवलं असं नसतं. 'ब्लॅक आयलंड'मध्ये ब्रिटिश प्रकाशकाने 131 चुका काढल्या, एर्जेने आपला मदतनीस बॉब द मूरला तिकडे पाहणीला धाडलं आणि 1966 मध्ये सगळं पुस्तक नव्याने चितारलं. 'टिनटिन इन तिबेट'मध्ये पडलेलं विमान आधी 'इंडियन एअरवेज'चं होतं. एअर इंडिया रागावली, मग कंपनीचं नाव झालं 'सारी एअरवेज'. यात कोणतं षड्यंत्र?

तिरकस_तात्या
एअर इंडियाचं मला माहीत नव्हतं, कबूल. पण ही काढून टाकलेल्याचीच गोष्ट झाली, म्हणजे माझ्याच पारड्यात पडली. चित्रात गुपचूप ठेवलेलं आणि मला न दिसलेलं काही असेल तर दाखवा. चाळीस वर्षं वाचतोय.

मिलूची_शेपटी
'सिगार्स ऑफ द फॅरो' काढा. आतलं नाही, मुखपृष्ठ. ममींखालच्या पाट्या वाचा.

सिंट_जिलचा_सुहास
आणि आत शेख टिनटिनला आपल्याकडचं टिनटिनचं पुस्तक दाखवतो ते कोणतं, तेही बघून ठेवा. चंद्रावर जायच्या आधीच 'डेस्टिनेशन मून' हातात! 1955 मध्ये पुन्हा चितारताना घुसवलंय.

तिरकस_तात्या
माळ्यावरून काढलं. झुरळाने एक कोपरा खाल्लाय, पण पाटी शाबूत आहे. 'ई. पी. जॅकोबिनी'. म्हणजे एडगर जेकब्स, एर्जेचा मदतनीस, ममी करून उभा केलाय. मी या मुखपृष्ठावर चहाचा कप ठेवायचो, डाग अजून आहे.

बरं, एक गुण तुम्हाला. चोवीस मुद्दे अजून फालतूच.

मिलूची_शेपटी
त्या पोस्टमध्ये जॅकोबिनी सतरावा होता, तात्या. तुम्ही मिशांवरच थांबलात.