चिंता वाटणं म्हणजे विश्वास कमी नव्हे

ताई, मुलाच्या पीएससीच्या (लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या) काळजीने रात्र रात्र झोप नाही असं तुम्ही लिहिलंय आणि खाली लगेच कोणीतरी सांगून टाकलं की विश्वास कमी पडतोय. मला हे अजिबात पटलं नाही. बायबलमधला १ राजे १९ हा अध्याय वाचा, एलीया एवढा मोठा संदेष्टा पण ईजबेल राणीच्या धमकीने पळाला आणि झुडपाखाली बसून देवाला म्हणाला आता मरण दे, तर देवाने त्याला लेक्चर दिलं का? आधी झोपू दिलं, मग देवदूताने उठवून निखाऱ्यांवरची भाकर नि पाणी दिलं, तो परत झोपला, परत उठवून खायला घातलं, बाकी बोलणं नंतर होरेब डोंगरावर. म्हणून रात्रीचं जेवण टाळू नका हो.

फिलिप्पै ४:६, 'कशाचीही काळजी करू नका', हे वचन सगळे पाठ म्हणतात पण पौलाने ते कैदेतून लिहिलंय हे विसरतात, आणि त्यात मागणं पण आहे, आभार पण आहेत, म्हणजे काळजी गिळायची नाही, देवाला स्पष्ट सांगायची. स्तोत्र १३ मोठ्याने वाचून बघा, छोटंसं आहे, सुरुवातीलाच 'कुठवर' असं चार वेळा विचारलंय. मी तर इंदूरला भंवरकुआँच्या ट्रॅफिकमध्ये अडकले तरी म्हणते.

आणि झोप अशीच उडत राहिली तर डॉक्टरकडे जाच, त्यात देवाचा अपमान नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर रात्रीपण फोन लागतो, फ्री आहे. रविवारी व्हाइट चर्चला येत असाल तर सांगा, सोबत प्रार्थना करू.