फोनला हात न लावताही रात्री आईला कॉल जातोय

रानजाई
या महिन्यात माझ्या फोनवरून तीनदा आपोआप कॉल गेले. पहिला भरदुपारी, चालताना. फोन खिशात होता आणि कॉल गेला कामावरच्या वरिष्ठांना. "सॉरी सर, चुकून लागला" म्हटल्यावर तो विषय मिटला. पुढचे दोन मात्र रात्री साडेअकरानंतर आईला गेले, आणि त्यांनी माझा जीव टांगणीला लागलाय.

आई ७४ वर्षांची आहे, एकटी राहते. तिनं फोन उचलला आणि "बोल गं, काय झालं?" असं विचारत राहिली. पलीकडून नुसती खसखस आणि माझा श्वास. मी कुठेतरी पडलेय, तोंडून शब्द फुटत नाहीये, असंच तिला वाटलं. कट करायचा धीर झाला नाही तिला. सकाळी कॉल लॉग पाहिला तर १४ मिनिटं. दुसऱ्या वेळी ९. दोन्ही वेळा फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला टेबलावर चार्जिंगला होता. अँड्रॉइड आहे, फिंगरप्रिंट आणि पॅटर्न दोन्ही लावलेत. लॉक असलेला फोन आपण होऊन कॉल कसा लावतो? कृपया सांगा, आईला पुन्हा असं घाबरवायचं नाहीये मला.

त्रिज्या
खिशातल्या कॉलबद्दल सांगतो. सेटिंगमध्ये "एक्स्टेंड अनलॉक" शोधा, जुन्या फोनवर त्यालाच "स्मार्ट लॉक" म्हणतात. त्यात "ऑन-बॉडी डिटेक्शन" चालू असेल तर एकदा उघडलेला फोन अंगावर आहे तोवर उघडाच राहतो. म्हणजे नेमका खिशात असताना लॉक नाही! ते बंद करा. "डबल टॅप" (दोनदा टिचकी मारली की स्क्रीन उजळणं) आणि "लिफ्ट टू वेक" (फोन उचलला की स्क्रीन उजळणं) हेही बंद करा. पातळ, घामानं ओलसर झालेल्या कापडातूनही स्क्रीनला स्पर्श कळतो. सॅमसंग असेल तर डिस्प्लेमध्ये "अ‍ॅक्सिडेंटल टच प्रोटेक्शन" आहे, ते चालू करा आणि "टच सेन्सिटिव्हिटी" वाढवलेली असेल तर कमी करा. शिवाय फोन खिशात टाकण्याआधी पॉवर बटन दाबून स्क्रीन बंद करायची, ती आपोआप बंद होण्याची वाट बघायची नाही.

रानजाई
ऑन-बॉडी खरंच चालू होतं! केव्हा केलं, आठवतही नाही. सगळं बंद केलं. पण काल रात्री पुन्हा आईला कॉल गेला. ६ मिनिटं.

मध्यमपदलोपी
ताई, तुमच्या पहिल्या पोस्टमधली एक गोष्ट खटकली. फोन टेबलावर, तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला, तरी आईंना तुमचा श्वास ऐकू आला? फोनचा माइक एवढ्या लांबून झोपलेल्या माणसाचा श्वास टिपत नाही. माइक तुमच्या तोंडाजवळ होता. झोपताना ब्लूटूथ हेडसेट घालता का? आणि दिवसातला शेवटचा फोन आईंनाच करता का?

बऱ्याच हेडसेटवर बटन दोनदा दाबलं की शेवटचा नंबर पुन्हा लागतो. रीडायलची ही सोय ब्लूटूथच्या हँड्स-फ्रीमध्येच असते, आणि फोन लॉक असतानाही ती बहुधा चालते. कुशीवर वळताना बटन दाबलं गेलं तर तुम्हाला कळणारही नाही.

जुनाखिळा
थोडं विषयाला सोडून, पण महत्त्वाचं. पॉवर बटन भराभर ५ वेळा दाबल्यावर आपत्कालीन कॉल लावणारी सोयही तपासा, घट्ट खिशात तीही दाबली जाते. तसा कॉल लागलाच तर घाबरून कट करू नका. थांबून "चुकून लागला, सगळं ठीक आहे" एवढं सांगा. न बोलता कट केलं तर तुम्ही संकटात आहात की काय, हे शोधण्यात त्यांचा वेळ जातो. आपोआप जाणारे कॉल थांबवण्यासाठी कुठलंही अ‍ॅप टाकू नका, कॉल लॉगची परवानगी अनोळखी अ‍ॅपला कशाला द्यायची?

रानजाई
मध्यमपदलोपी, तुम्ही अगदी नेमकं ओळखलंत. रोज नऊला आईशी बोलते आणि मग नेकबँडवर (मानेभोवती घालायचा ब्लूटूथ हेडसेट) काहीतरी ऐकत झोपते. आज दुपारी आईला आधीच सांगून ठेवलं की आता एक मुका कॉल येईल, घाबरू नको. फोन लॉक करून टेबलावर ठेवला, नेकबँडचं मधलं बटन दोनदा दाबलं. कानात रिंग, आणि लगेच आईचा आवाज, "आला गं!" मला रडूच आलं. ते बटन उशीवर नेमकं मानेखाली येतं.

आता नेकबँडचे कॉल कसे बंद करू? ऐकणं सोडायचं नाहीये, त्याशिवाय झोप लागत नाही.

मध्यमपदलोपी
ब्लूटूथ सेटिंगमध्ये नेकबँडच्या नावापुढचं चाक दाबा. "फोन कॉल्स" आणि "मीडिया ऑडिओ" असे वेगवेगळे टॉगल दिसतील. फक्त पहिला बंद करा. ऐकणं चालू राहील, रीडायल होणार नाही.

रानजाई
केलं. बटन चार वेळा दाबून पाहिलं, कॉल गेला नाही. आईशीही ठरवलंय, पलीकडून आवाज आला नाही तर कट करून तिनं लगेच मला उलट फोन करायचा. रिंगचा आवाज मोठा करून फोन उशाशी घेतलाय. नेकबँड पुन्हा पेअर केला तर हे टॉगल तसंच राहतं का?

मध्यमपदलोपी
"फर्गेट" करून नव्यानं जोडलात तर नाही राहणार, तेव्हा पुन्हा बंद करा. नुसता बंद-चालू केलात तर काही करावं लागत नाही.